पुढारी व्हायला नको म्हणणारा यंत्रयोद्धा: गावच्या नाटकात तो उभा कसा करायचा

दिवाळी झाली, मंडईची, म्हणजे गावच्या जत्रेची, तारीख लागली, की मंडळाच्या पोरांचे फोन सुरू होतात. मागच्या काही हंगामांत एक तक्रार सारखी येऊन रायली आहे: "भाऊ, नाटकात रोबो टाकला. इमानदार लढवय्या होता, पण पुढारी व्हायला तयार नाही, असा. पब्लिक रडाले पायजे होती, हासून रायली." मी जाऊन पाहतो. पत्रा चांगला असतो, दिवे झकास असतात. चूक असते ती कामाच्या क्रमात. पोरं आधी डोकं बनवतात, मग दिवे लावतात, मग त्यात कोण मावतो ते बघतात. आणि तालमीच्या शेवटच्या आठवड्यात विचारतात, हा बोलतो काय?

क्रम उलटा हवा. हे मार्गदर्शन झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, हौशी मंडळांसाठी आणि स्नेहसंमेलन बसवणाऱ्या मास्तरांसाठी आहे. हाताशी पाच आठवडे ठेवा: दोन लिहायला, दोन पोशाखाला आणि साध्या कपड्यातल्या तालमीला, एक पोशाख घालून तालमीला. तीनच आठवडे असतील तर पोशाख साधा करा. लिहिण्याचे दिवस कापू नका.

समजायला सोपं जावं म्हणून एकच गोष्ट शेवटपर्यंत वापरतो. गावाजवळ जुना मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे. एका म्हाताऱ्याने भंगारातून एक यंत्रयोद्धा उभा केला, त्याला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राखणीला ठेवलं. गाव त्याला राखण्या म्हणतं. ठेकेदाराला पाळ फोडून जमीन मोकळी करायची आहे. म्हातारा मरतो. आता गावाला वाटतं, राखण्यानेच पुढे व्हावं.

## टप्पा 1: तो कोणाचा, आणि कोणत्या शब्दाला बांधलेला

पात्राच्या वहीत पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहा: याला शेवटचा हुकूम कोणी दिला, आणि तो शब्दशः काय होता. "गावाचं रक्षण कर" हा हुकूम चालणार नाही, त्यात काहीही बसतं. राखण्याचा हुकूम असा आहे: "मी येईपर्यंत पाळीवरून हलू नको." यात जागा आहे, मुदत आहे, आणि म्हातारा कधीच येणार नाही हे प्रेक्षकाला माहीत आहे. अर्धं नाटक या एका वाक्यात होऊन जातं.

इथे बहुतेक मंडळं निष्ठा आणि गुलामी यांची खिचडी करतात. 'रोबो' हा शब्दच मुळात चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या शब्दावरून आला, त्यामुळे ही चूक फार सहज होते. वेठबिगाराला जायला वाट नसते. निष्ठावानाची वाट उघडी असते आणि तरी तो जात नाही. ती उघडी वाट रंगमंचावर दिसली पाहिजे. म्हणून एक छोटा प्रवेश टाका: ठेकेदाराचा माणूस येतो, नवी बॅटरी दाखवतो, "चाल आमच्याकडे, इथं गंजून मरशील" म्हणतो. राखण्या बॅटरीकडे बघतो आणि परत पाण्याकडे तोंड करतो. दोन मिनिटांचं काम आहे. पण हा प्रवेश नसला की पुढचा प्रत्येक नकार यंत्राचा बिघाड वाटतो.

तपासा: हुकूम मंडळातल्या कोणाही पोराला एकदा वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी तोच शब्दांत सांगता आला तर तो धरा. नाही तर लहान करा.

## टप्पा 2: "नाही" का म्हणतो

आता नकाराचं कारण. आजवर माझ्याकडे आलेल्या संहितांत साधारण अशी कारणं असतात: तो घाबरतो, त्याला स्वतःवर भरवसा नाही, पूर्वी त्याच्या हाताखाली माणसं मेली होती, तो विनम्र आहे. पहिलं कारण योद्ध्याला मारतं. दुसरं आणि तिसरं सिनेमातून उचललेलं असतं, प्रेक्षक ते दहा मिनिटं आधी ओळखतो. आणि विनम्रता हे कारणच नव्हे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत "मला नको, मला नको" करणारे विनम्र लोक आपण दर पाच वर्षांनी पाहतो, प्रेक्षकही पाहतो.

पाळीवरच उभं राहणारं कारण शोधा. पुढारी व्हायचं तर राखण्याला पाळ सोडून तहसीलपर्यंत जावं लागेल. पाळ सोडली की हुकूम मोडला. म्हणजे गावाने दिलेला मान घ्यायचा तर म्हाताऱ्याचा शब्द टाकावा लागतो. त्याला नेतृत्व करता येतं की नाही हा प्रश्नच उरत नाही. करता येतं, हे सगळ्यांना दिसतं, आणि तरी तो हलत नाही. प्रेक्षक अस्वस्थ होतो तो इथे.

सावध: त्याची कुवत आधी दाखवा, नकार नंतर. पहिल्या अंकात रानडुकरांचा कळप तो एकटा परतवतो, रात्री पाळीला पडलेलं भगदाड एकटा बुजवतो, असं काही घडू द्या. ज्याला जमत नाही त्याच्या नकाराला किंमत नसते.

## टप्पा 3: नकारांची उतरंड

नकार किती वेळा आणि कसा, यात सगळ्यात जास्त गफलत होते. मी पाहिलेल्या एका प्रयोगात रोबो सात वेळा "मी नेता नाही" म्हणाला. चौथ्या वेळेला मागच्या रांगेतून कोणी तरी ओरडलं, "मंग बस ना खाली बापा!" आणि तिथून पुढे ते नाटक विनोदी झालं.

दोनच वेळा नकार द्या.

पहिला नकार हलका असू द्या, हसू येऊ द्या. गावातले चार जण गुलाल घेऊन येतात, फेटा बांधायला बघतात, त्याच्या डोक्यावर फेटा बसतच नाही. तो फक्त म्हणतो, "पाळीवर पाणी चढत आहे." लोक हसतात. हसू द्या, पुढच्या नकाराला हेच हसू कामी येतं.

दुसऱ्या नकाराने काही तरी गेलं पाहिजे. म्हाताऱ्याची नात एकटीच मोर्चा घेऊन निघते. जाण्याआधी ती राखण्याकडे येते. फेटा नाही, गुलाल नाही. "तू समोर असला तं लोक येतीन. माह्यामांगं कोणी नाई येत." तो म्हणतो, "मालकांनी हलू नको म्हटलं आहे." ती जाते. पुढच्या प्रवेशात तिला डोकं फुटलेल्या अवस्थेत आणतात. ती मरता कामा नये. मेली की प्रेक्षक रडून मोकळा होतो. जखमी राहिली की राखण्याला तिच्याकडे बघावं लागतं.

आणि तिसरी वेळ? तिसऱ्यांदा त्याला कोणी विचारूच नका. हे मला स्वतःला दोन हंगाम चुकल्यावर कळलं. गाव थकलेलं आहे, रात्र आहे, जेसीबीचा आवाज येतो आहे. सगळे खाली मान घालून बसले आहेत, त्याच्याकडे बघणंही त्यांनी सोडलं आहे. त्याच वेळी तो पाळीवरून पहिलं पाऊल खाली टाकतो. त्याला कळलेलं असतं की म्हाताऱ्याने त्याला उभं केलं ते तलावासाठी, आणि आता पाळीवर उभं राहून तलाव वाचत नाही. ही समज त्याच्या तोंडून बोलून घेऊ नका. पाऊल पुरतं.

तपासा: संहितेतून राखण्याचे सगळे संवाद काढून फक्त हालचाली वाचा. गोष्ट कळली तर टप्पा झाला. नाही कळली तर पुढे जाऊ नका, पोशाखाचं सामान तर आणूच नका.

## टप्पा 4: त्याची बोली

गावातली सगळी पात्रं झाडीबोलीत बोलतील, राखण्या प्रमाण मराठीत. वाक्य पाच-सहा शब्दांपुढे नको. "मी", "माझं" शक्यतो टाळा. "पाणी चढत आहे." "रात्र झाली आहे." असं.

याचा फायदा शेवटी मिळतो. पुस्तकी मराठीत "पुढे" म्हणतात, आपण "समोर" म्हणतो. पूर्ण नाटकभर राखण्याच्या तोंडी "पुढे" ठेवा. शेवटच्या पावलानंतर तो गावाकडे वळतो आणि म्हणतो, "चाला. समोर." इतकंच. गावची बोली त्याच्या तोंडात पहिल्यांदा येते, आणि ज्याने आयुष्यभर हुकूम घेतला त्याचा हा पहिला हुकूम असतो. या दोन शब्दांनंतर भाषण जोडायचा मोह लेखकाला होतोच. नाट्यगीतही नको, गाणं हवं असेल तर नातीला द्या, दुसऱ्या नकाराच्या आधी.

## टप्पा 5: नट

मंडळाचा हिरो या कामाला घेऊ नका, त्याला स्थिर उभं राहता येत नाही. विनोदी नटही नको, तो डोक्याच्या आतूनही हशा शोधेल. कबड्डीत बचावाला असणारं पोरगं, किंवा वर्गात कधी हात वर न करणारं, असं कोणी बघा. उंची असली तर चांगलं, नसली तरी अडत नाही. उंची पोशाख देतो.

कसोटी एकच: बांबूच्या कामठ्यावर घोंगडं टाकून, ते डोक्यावर घेऊन वीस मिनिटं न हलता उभं करा. समोर बाकीच्यांना प्रवेश करू द्या. ज्याच्याकडे नकळत नजर जाते तो आपला.

## टप्पा 6: पोशाख

पोशाखात पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

आधी सामान. छाती, पाठ आणि खांदे यांना 10 मिलिमीटर जाडीचा इव्हा (EVA) फोम, हातपायांना 5 किंवा 6 मिलिमीटरचा. नागपुरात सहज मिळतो. नाही मिळाला तर व्यायामाच्या जुन्या चटया चालतात. तेही नसेल तर कूलर-फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, पण पुठ्ठा त्याच्या आतल्या नळ्यांच्या दिशेनेच वळतो, आडवा वळवला की मोडतो. चिकटवायला पंक्चरवाल्याकडे असतं तसं सोल्युशन. बांधायला रुंद इलॅस्टिक आणि वेल्क्रो. खरा पत्रा फक्त दोन-तीन ठिकाणी, आवाजापुरता: गुडघ्याजवळ एक पट्टी, कोपराजवळ एक. पूर्ण पत्र्याचा पोशाख कापतो, तापतो आणि माइकवर खडखडतो.

कामाचा क्रम असा ठेवा:

1. नटाला जुने कपडे घालून, अंगाभोवती जुनं वर्तमानपत्र गुंडाळून चिकटपट्टी लावा. त्यावर मार्करने भाग आखा, कापून काढा. हे तुमचे साचे. दुसऱ्याच्या मापावर आखलेला साचा कधीच बसत नाही.
2. साच्यावरून फोम कापा. नवीन पातं लावा आणि दर काही कापांनंतर बदला; बोथट पातं फोम फाडतं.
3. हीट गनने फोम तापवा आणि मांडीवर किंवा मडक्यावर दाबून गोलाई द्या. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडची गरम हवेची मशीन छोट्या भागांना चालते. केस वाळवायच्या मशीनने होत नाही.
4. सोल्युशन दोन्ही कडांना लावा आणि दहा मिनिटं थांबा. बोटाला चिकट लागेनासं झालं की मगच कडा जोडा. ओलं असताना जोडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तालमीत खांदा निखळतो तो यामुळेच.
5. रंगाआधी फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. त्याशिवाय फोम रंग पितो.
6. चंदेरी रंगाचा ॲक्रिलिक हात, आणि कोपऱ्या-खाचांत पातळ काळा-तपकिरी रंग फासून लगेच पुसून घ्या. नुसता चंदेरी राहिला तर स्टेजच्या दिव्यात राखण्या बर्फीच्या वर्खासारखा चमकतो. त्याला गंज हवा, पाळीवर तो कित्येक पावसाळे उभा आहे.

सावध: थर्माकोलवर हे सोल्युशन किंवा स्प्रे रंग मारू नका, थर्माकोल विरघळून जातो. आणि सोल्युशनचं काम उघड्यावर करा, बिडीवाल्यांना दूर बसवा.

सावध, हे जास्त गंभीर: पाठीवर टाकी दाखवायची म्हणून फवारणीचा जुना पंप नटाच्या पाठीला बांधू नका, कितीही धुतला असला तरी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. प्लास्टिकमध्ये औषध मुरलेलं असतं, आणि पोशाखाच्या आत अंग घामाने भिजलेलं. टाकी फोमचीच करा.

डोक्याबद्दल. चमकणारे डोळे कपाळापाशी लावा आणि नट खालच्या जाळीतून बघेल असं करा. दिवा आणि नजर एका भोकात ठेवली की नटाला काहीच दिसत नाही, मग तो वादकांच्या खड्ड्यात जातो. मागच्या बाजूला बोटं जातील इतकी हवेची भोकं ठेवा. आणि डोकं नटाला स्वतःच्या हाताने, दोन सेकंदांत काढता आलं पाहिजे. यावर तडजोड नको.

तपासा: उकिडवं बसता येतं का? स्टेजच्या पायऱ्या चढता येतात का? पाणी पिता येतं का? कोपर आणि गुडघ्याला तीन-चार बोटं मोकळी आहेत का? पोशाखाचं वजन बॅटरी सोडून चार किलोच्या आत ठेवा. नाटक पहाटेपर्यंत चालतं, हे तालमीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

## टप्पा 7: दिवे आणि बॅटरी

पंप वापरायचा नाही, पण बॅटरीवर चालणाऱ्या पंपातली बॅटरी काढून घेता येते. ती साधारण 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासांची असते आणि गावात प्रत्येक गल्लीत मिळते. पुसून, कोरडी करून, कापडी पिशवीत घालून कंबरेला बांधा. पाठीला बांधली की नट पुढे झुकतो.

मीटरला 60 दिव्यांची साधी 12 व्होल्टची पट्टी मीटरमागे सुमारे 0.4 अँपिअर खाते. तीन मीटर पट्टी म्हणजे 1.2 अँपिअर. कागदावर बॅटरी सहा तासांहून जास्त चालते, पण बॅटरी जुनी असते, म्हणून चारच तास धरा. राखण्या पडद्यामागे असताना पट्टी बंद ठेवायची, त्यासाठी नटाच्या बोटाजवळ बटण द्या.

बॅटरीच्या तांबड्या तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ 2 अँपिअरचा फ्यूज लावा. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. तो नसला आणि तारा एकमेकींना चिकटल्या, तर तार लाल होऊन फोमला आग लागते, आणि आत माणूस आहे. पट्टी पेटत नसेल तर आधी तारांची दिशा बदलून बघा. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

रंग एकच ठेवा, पिवळट पांढरा. रंग बदलणारी पट्टी आणली की पोट्टे ती बदलणारच, आणि राखण्या लग्नाच्या वरातीतला वाटेल.

## टप्पा 8: जागा, आवाज, तालीम

रंगमंचावर खडूने एक रेघ मारा, मागच्या पडद्यापासून तीन हातांवर. ही पाळ. शेवटच्या प्रवेशापर्यंत राखण्या या रेघेच्या पुढे येत नाही. बोलणारा कोणीही असो, राखण्या त्याच्या एक पाऊल मागे आणि बाजूला. मधोमध कधीच नाही. हा नियम पाळणं नटाला अवघड जातं, कारण आपल्याकडे जो तो माइकखाली येऊन बोलतो. टांगलेल्या माइकपासून तो लांब राहणार, म्हणून त्याला वेगळा कॉलर माइक लागतो. तो तोंडासमोर लावू नका, श्वास फुरफुरतो. डोक्याच्या आत कपाळावर चिकटवा. साउंडवाल्याला आवाज थोडा जाड करायला सांगा, एको देऊ नका. एको दिला की देव बोलतोय असं वाटून म्हाताऱ्या बाया हात जोडतात. मी पाहिलं आहे.

ऑक्टोपॅडवाल्याशी वेगळं बसा. तो उत्साही असतो आणि राखण्याच्या प्रत्येक पावलाला ठोका देतो. ठोके फक्त रानडुकरांच्या प्रवेशात द्यायचे. शेवटच्या पावलाला सगळी वाद्यं बंद, ऑर्गनसुद्धा. गुडघ्यावरच्या पत्र्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. त्यासाठीच तो लावला होता.

पहिल्या तालमी साध्या कपड्यात घ्या. पोशाख आल्यावर चाल बदलते, म्हणून निदान चार तालमी पूर्ण पोशाखात, त्यातली एक रात्री अकरानंतर. प्रॉम्प्टरला सांगून ठेवा: राखण्या गप्प असला तर शब्द देऊ नको. बरेचदा तो गप्प असायलाच हवा असतो.

तपासा: खडूची रेघ पुसून तालीम घ्या. नट अंदाजाने तिथेच थांबला तर तयार आहे.

## टप्पा 9: प्रयोगाची रात्र

बॅटरी आदल्या रात्री चार्जिंगला लावा, त्या दिवशी नको. मंडईच्या दिवशी लाईटचा भरवसा नाही. डोकं घालण्याआधी नटाने पाणी प्यावं, लघवीला जाऊन यावं. हसू नका, दुसऱ्या अंकात हसता येत नाही. पडद्यामागे एक माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवा, हातात सुटं इलॅस्टिक, चिकटपट्टी आणि पातं घेऊन. थंडी असली तरी आत घाम येतो, म्हणून प्रवेश संपला की डोकं काढून अंगावर चादर टाका.

प्रेक्षकात लहान पोरं स्टेजला चिकटून बसतात आणि राखण्याला हाका मारतात. त्याने उत्तर द्यायचं नाही, मान वळवायची नाही. पहिल्या अंकात ती हाका मारतील, दुसऱ्या नकारानंतर थांबतील. थांबली नाहीत तर तुमचा टप्पा 3 कच्चा राहिला आहे, आणि त्या रात्री त्यावर इलाज नाही.

शेवटी सगळे नट ओळीत उभे राहतात तेव्हा राखण्याचं डोकं काढायची घाई करू नका. बाकीच्यांची नावं होऊ द्या, मग काढा. पहाटे पोशाख उलटा करून दोरीवर वाळत घाला, घडी केली की फोम दुमडतो. आणि बॅटरी सोडवून आठच्या आत ज्याची त्याला पोचती करा. हरभऱ्यावर घाटेअळी असते, त्याला फवारणीला जायचं असतं.